पानठेल्यापर्यंतचे अंतर

नागपूरच्या महाल भागात राहणारा आणि इतवारीत कापडाच्या दुकानात बसणारा पन्नाशीचा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. मेंदूच्या आघाताने लकवा होऊन सहा महिने झाले आहेत. तो आपल्या हाताने जेवतो, आंघोळ करतो, जिना चढतो-उतरतो. फ्लोरेन्स माहोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या, रोजच्या कामांतले स्वावलंबन मोजणाऱ्या बार्थेल निर्देशांकात अशाच दहा गोष्टी पाहिल्या जातात आणि त्यात या गृहस्थाला १०० पैकी १०० गुण मिळतील. मात्र कोपऱ्यावरच्या ज्या पानठेल्यावर तो रोज संध्याकाळी अर्धा तास उभा राहत असे, तिथे तो आजारानंतर एकदाही गेलेला नाही. वाचाघातामुळे, म्हणजे मेंदूच्या इजेने बोलण्यावर झालेल्या परिणामामुळे, ऐन वेळी शब्द सापडत नाही आणि चार माणसांसमोर तो शोधत उभे राहणे त्याला नको वाटते.

१०० गुणांत ही उणीव दिसत नाही, पण हा दोष निर्देशांकाच्या कर्त्यांचा नव्हे. पूर्ण गुण मिळालेला रुग्ण एकटा राहू शकेलच असे नाही, त्याला स्वयंपाक किंवा लोकांत वावरणे कदाचित जमणार नाही, असे त्यांनी आपल्या मूळ लेखातच नमूद केले होते. पुढे २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेल्या आरोग्य आणि अपंगत्वाच्या वर्गीकरणात शरीराचे कार्य, व्यक्तीची कृती आणि जीवनातील सहभाग या बाबी वेगवेगळ्या ओळखल्या गेल्या. बोटे हलणे हे कार्य, शर्टाची बटणे लावणे ही कृती, आणि तो शर्ट घालून नात्यातल्या लग्नाला जाणे हा सहभाग.

सहभाग मोजण्यासाठी बॅरी विलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मेंदूला इजा झालेल्या रुग्णांकरिता एक प्रश्नावली मांडली. तिच्यात १५ प्रश्न असून घरकामाला १०, सामाजिक वावराला १२ आणि नोकरी, शिक्षण, प्रवास यांसारख्या बाबींना ७, असे एकूण २९ गुण आहेत. किराणा कोण आणते, स्वयंपाक कोण करते, महिन्यातून किती वेळा कोणाकडे जाता, मनातले सांगता येईल असा मित्र आहे का, असे साधे प्रश्न त्यात येतात. घरातले काम स्वतः एकट्याने केल्यास २, कोणाबरोबर केल्यास १ आणि दुसऱ्यानेच केल्यास शून्य.

नागपुरातल्या घरात ही प्रश्नावली नेली की याच गुणदानापाशी अडखळायला होते. जिथे सासू भाजी निवडते आणि सून फोडणी घालते, तिथे मिळून केलेल्या कामाला निम्मेच गुण का मिळावेत? आपल्या गृहस्थाने आजारापूर्वीही कधी चूल पाहिलेली नसेल, तर त्याचे शून्य आजाराने आलेले नाही. उलट, तीस वर्षे स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईला लकव्यानंतर घरच्यांनी मायेपोटी ‘तू बस, आम्ही करतो’ म्हणून बाजूला बसवले असेल, तर तिचे शून्य ही मोठी हानी आहे, आणि आकडा मात्र दोघांचा सारखाच. म्हणून केवळ मराठी भाषांतर पुरेसे नाही. आजारापूर्वी हे काम कोण करत होते, हा प्रश्न प्रत्येक ओळीशेजारी हवा, असे मला आग्रहाने वाटते.

मॉन्ट्रियलमध्ये १९८० च्या दशकात तयार झालेल्या ११ विधानांच्या, सहभागच मोजणाऱ्या निर्देशांकाने वेगळी वाट धरली. त्यात कामाची मोजदाद नाही. घरात, गावात आणि गावाबाहेर मला हवे तसे फिरता येते का, चारचौघांत मला अवघडल्यासारखे होत नाही ना, घरातली माझी भूमिका मला समाधान देते का, हे रुग्ण स्वतः एका रेषेवर खूण करून सांगतो. पानठेल्याची उणीव इथे निश्चित उमटेल.

पण स्वतःच्या उत्तरालाही मर्यादा आहे. अपघातात मेंदूच्या पुढच्या भागाला मार लागला असेल, तर आपल्यात झालेला बदल ओळखण्याची क्षमताच कधीकधी कमी होते. मुलगा ‘सगळे ठीक आहे’ म्हणतो आणि आई पदराने डोळे पुसते. याउलट दुपारी येणारा थकवा किंवा गर्दीच्या आवाजाने डोक्यात होणारा गोंधळ घरच्यांना दिसत नाही. त्यामुळे रुग्ण आणि घरचे माणूस या दोघांना वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारावेत आणि जिथे उत्तरे जुळत नाहीत, तिथे अधिक वेळ द्यावा.

मोजणी कधी केली, हेही नोंदवायला हवे. दवाखान्यातून सुटी होताना हे प्रश्न निरर्थक असतात, कारण माणूस अजून घरीच गेलेला नसतो. काही महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने ते विचारले तर बदल कळतो. शिवाय मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की नागपुरात धडधाकट माणूसही दुपारचा बाहेर पडत नाही. डिसेंबरात बुधवार बाजारात जाऊन आलेला रुग्ण मे महिन्यात घरातच राहिला, तर घटलेल्या गुणांचे कारण मेंदूत शोधण्याआधी तारीख पाहावी.