रडारवरील अज्ञात उडत्या वस्तू आणि लष्करी गोपनीयता

रडारवरील अज्ञात उडत्या वस्तू : लष्करी रडारच्या पडद्यावर उमटलेला, पण माहितीतल्या कोणत्याही विमानाशी, फुग्याशी, पक्ष्यांच्या थव्याशी किंवा हवामानाच्या परिणामाशी जुळवता न आलेला प्रतिध्वनी. बोलण्यात अशा सगळ्याच प्रकारांना ‘उडती तबकडी’ म्हणतात. त्याने घोटाळा होतो. ‘अज्ञात’ या शब्दाने वस्तूविषयी काहीच कळत नाही, पडद्यासमोर बसलेल्याला त्या क्षणी किती माहीत होते एवढेच कळते. रात्री अकराला अज्ञात असलेला ठिपका पाच मिनिटांत, उशिरा सुटलेले एखादे प्रवासी विमान ठरतो आणि बहुतेक ठिपक्यांची कथा तिथेच संपते. उरलेल्या थोड्या ठिपक्यांवरून पाऊणशे वर्षे वाद चालू आहे. तो मिटत नाही याचे मोठे कारण असे, की निकाल लावू शकेल असा पुरावा, म्हणजे रडारची मूळ नोंद, जवळपास नेहमीच कुलपात असते.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हा विषय परका नाही. शहराच्या ज्या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली त्याचे नावच लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला टाकलेल्या छावणीवरून ते पडले. शहराच्या ईशान्येला महाराजपुऱ्याचा हवाई दलाचा तळ आहे. तिथे १९८५ पासून मिराज-२००० विमाने आहेत. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटवर गेलेली मिराज विमाने याच तळावरून उडाली आणि कुठे गेली होती ते गावाला सकाळच्या बातम्यांतून कळले. गुप्तता का लागते, हे इथल्या लोकांना वेगळे शिकवावे लागत नाही. फ्रेंच भाषेत मिराज म्हणजे मृगजळ. रडारवरच्या पुष्कळ अज्ञात ठिपक्यांच्या मुळाशीही एक मृगजळच असते.

रडारला काय दिसते

रडार रेडिओलहरींचा छोटा झटका सोडते आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीची वाट पाहते. लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, त्यामुळे प्रतिध्वनी यायला लागलेला प्रत्येक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर अंतर. येथवर गणित साधे आहे. अडचण अशी, की लहर सरळ रेषेत जाते हे गृहीतच नेहमी खरे नसते. जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची हवा उबदार अशी उलटी उतरंड लागली, तिला हवामानशास्त्रात तापमान व्युत्क्रम म्हणतात, की लहर खाली वाकते, जमिनीवरच्या एखाद्या टेकडीवर, ट्रकवर किंवा पुलावर आपटते आणि परत येते. रडारच्या लेखी ती वस्तू आकाशात असते. हवेचा थर हलला की ठिपका हलतो, थर फाटला की ठिपका एकाएकी नाहीसा होतो. ‘वस्तू क्षणात गायब झाली’ असे वर्णन अनेक अहवालांत का येते, हे यावरून समजते. दूरच्या डोंगराचा प्रतिध्वनी पुढचा झटका सुटल्यावर पोहोचला तर रडार त्याला जवळची वस्तू समजते, हा आणखी एक चकवा. पक्ष्यांचे थवे आणि टोळधाड यांचेही प्रतिध्वनी येतात.

ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आकाश निरभ्र असते, जमीन झपाट्याने निवते, पहाटे धुके दाटते. धुके धरून ठेवणारा थर आणि रडारची लहर वाकवणारा थर बहुधा एकच असतो. त्यात शहराच्या मधोमध मैदानापासून सुमारे १०० मीटर उंच उठलेला किल्ल्याचा डोंगर. रडार बसवणाऱ्या अभियंत्याला असा डोंगर म्हणजे कायमची डोकेदुखी.

लष्कराकडे ठिपका ओळखण्याचे मार्ग आहेत. विमानातला ट्रान्सपाँडर रडारच्या प्रश्नाला सांकेतिक उत्तर देतो. लष्करी विमानांत ‘मित्र की शत्रू’ हे सांगणारी यंत्रणा असते. उड्डाणाआधी हवाई संरक्षणाची परवानगी घेऊन तिचा क्रमांक मिळवावा लागतो. यातले काहीच जुळले नाही तर ठिपका अज्ञात राहतो, आणि कधीकधी मिनिटाभरात निर्णय घ्यावा लागतो. निर्णय चुकला तर काय होते ते बालाकोटच्या दुसऱ्याच दिवशी दिसले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी श्रीनगरजवळ बडगाम येथे हवाई दलाच्याच क्षेपणास्त्राने हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक प्राणाला मुकले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही आपलीच मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. अज्ञात ठिपक्यांचा विषय करमणुकीचा समजणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

वॉशिंग्टन, १९५२

या विषयातले सर्वांत गाजलेले प्रकरण १९५२ च्या जुलैतले. १९ तारखेच्या रात्री वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमानतळाच्या रडारवर सात ठिपके दिसले. जवळच्या अँड्र्यूज हवाई तळावरूनही तशाच नोंदी आल्या. काही वैमानिकांनी दिवे पाहिल्याचे सांगितले. आठवड्याने, २६ तारखेच्या रात्री, तोच प्रकार पुन्हा घडला आणि एफ-९४ लढाऊ विमाने धाडण्यात आली. २९ जुलैला हवाई दलाचे गुप्तवार्ता प्रमुख मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांनी मोठी पत्रकार परिषद घेऊन तापमान व्युत्क्रमाकडे बोट दाखवले. पुढल्या वर्षी तिथल्या नागरी हवाई प्रशासनाच्या अभ्यासातही असे ठिपके आणि व्युत्क्रम यांचा संबंध दिसला. तरीही रडारसमोर बसलेल्या अनुभवी नियंत्रकांना तो खुलासा पटला नाही. त्यांचे म्हणणे, असे चकवे आम्ही रोज पाहतो, ते आम्हाला ओळखता येतात. हा आक्षेप वजनदार आहे. तो खोडायचा तर पडद्यावर नेमके काय उमटले त्याची यांत्रिक नोंद हवी, आणि त्या काळी ठिपके बहुधा माणसाच्या डोळ्यांनीच वाचले जात.

खरा बदल झाला तो त्यानंतर. जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची समिती बसवली. वस्तूंपासून थेट धोका तिला दिसला नाही. अफवांच्या पुरात खऱ्या हल्ल्याची सूचना बुडून जाईल, ही तिची भीती होती. लोकांचे कुतूहल कमी करावे, असा सल्ला तिने दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी हवाई दलाचा २००-२ क्रमांकाचा नियम आला. त्याचे सार असे : वस्तूची ओळख पटली असेल तर वर्तमानपत्रांना सांगावे, पटली नसेल तर सांगू नये. लोकांना खुलासे तेवढे मिळत राहिले आणि कोडी फायलीत पडून राहिली. सरकार काहीतरी लपवते हा समज यातून वाढला नसता तरच नवल. ‘ब्लू बुक’ हा अशा नोंदी तपासणारा हवाई दलाचा प्रकल्प १९६९ च्या अखेरीस बंद झाला तेव्हा हिशेब असा होता : एकूण १२,६१८ नोंदी, त्यांपैकी ७०१ अखेरपर्यंत अज्ञात.

कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांच्या देखरेखीखाली झालेल्या अभ्यासाने हा विषय संशोधनाच्या लायकीचा नसल्याचा निष्कर्ष काढला. प्रकल्प बंद होण्याला आधार मिळाला तो त्याचाच. मात्र त्याच अहवालात ऑगस्ट १९५६ मधल्या इंग्लंडच्या लेकनहीथ आणि बेंटवॉटर्स या हवाई तळांवरच्या प्रकरणाला रडार आणि डोळे या दोहोंनी टिपलेल्या प्रकरणांतले सर्वांत चक्रावणारे म्हटले आहे. निष्कर्षाचे पान वाचून पुस्तक मिटणाऱ्यांना हे कळत नाही.

गुप्त काय असते?

प्रस्तुत नोंदीतला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. रडारची नोंद दडवली जाते तेव्हा लपवायचे असते ते बहुधा रडार. किती अंतरावरची किती लहान वस्तू ते पकडते, कोणत्या उंचीखाली आंधळे होते, नोंदीत कोणते प्रतिध्वनी गाळते, हे सगळे मूळ आकड्यांवरून जाणकाराला काढता येते. शत्रूला तेच हवे असते. ही भीती खोटी नाही.

२०२३ चा फेब्रुवारी याचे ताजे उदाहरण. अमेरिकेवरून तरंगत गेलेला चिनी फुगा ४ तारखेला अटलांटिकवर पाडला गेला. त्यानंतर उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षण यंत्रणेने रडारची वेगाची गाळणी सैल केली. अतिसंथ वस्तू कचरा समजून गाळल्या जात, त्या आता पडद्यावर येऊ लागल्या; आणि १० ते १२ तारखांच्या दरम्यान आणखी तीन वस्तू पाडल्या गेल्या. आकाश तेच होते, बदलली होती चाळण. अज्ञात वस्तूंची संख्या वाढली की प्रथम चाळणीची भोके मोजावीत.

दुसरे कारण स्वतःची गुप्त विमाने आणि फुगे. १९४७ च्या रॉझवेल प्रकरणामागे, म्हणजे अमेरिकेत सापडलेले जे अवशेष उडत्या तबकडीचे समजले गेले त्यांमागे, सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणारे ‘मोगल’ प्रकल्पाचे फुगे होते, हे अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितले. सत्तेचाळीस वर्षांनी आलेले खरे उत्तर पुष्कळांनी खोटे मानले. उशिराची ही किंमत असते.

बेल्जियमने वेगळा मार्ग धरला. ३०-३१ मार्च १९९० च्या रात्री दोन एफ-१६ विमानांच्या रडारांनी काही क्षणांपुरती लक्ष्ये पकडली. कर्नल विल्फ्रेड दे ब्रूवर यांनी ती चित्रफीत वार्ताहरांना दाखवली, नागरी अभ्यासकांनाही आकडे मिळाले. पुढे कळले, की त्यांतल्या काही पकडींत एका एफ-१६ ने दुसऱ्या एफ-१६ लाच धरले होते आणि बाकीच्यांत हवेच्या थरांचा संशय बळकट होता. नोंद उघडली म्हणून ही तपासणी होऊ शकली. बेल्जियमच्या हवाई दलाची त्यात अब्रू गेली नाही.

याउलट दोन प्रकरणे. १९ सप्टेंबर १९७६ रोजी तेहरानवरच्या तेजस्वी वस्तूमागे इराणी हवाई दलाची दोन फँटम विमाने गेली. दुसऱ्याच्या रडारने २७ सागरी मैलांवरून लक्ष्य पकडले, प्रतिध्वनी बोइंग ७०७ टँकरएवढा होता, आणि क्षेपणास्त्र सोडू पाहताच शस्त्रनियंत्रण बंद पडले. अमेरिकी संरक्षण गुप्तवार्ता संस्थेचा अहवाल आज वाचता येतो, पण त्यात आहे ती हकिगत. रडारचे आकडे नाहीत. त्यामुळे गुरू ग्रह आणि नादुरुस्त उपकरणे हा संशयवाद्यांचा खुलासा ना सिद्ध होतो ना फेटाळता येतो. तसेच नोव्हेंबर २००४ चे अमेरिकी विमानवाहू नौका निमिट्झचे प्रकरण. तिच्या ताफ्यातल्या प्रिन्स्टन या युद्धनौकेच्या रडारवर अनेक दिवस दिसलेल्या लक्ष्यांचे मूळ आकडे लोकांपुढे आलेले नाहीत; २७ एप्रिल २०२० रोजी अधिकृतपणे खुली झाली ती विमानातल्या कॅमेऱ्याची चित्रफीत. उरलेल्या चित्रफिती दिल्यास राष्ट्रीय सुरक्षेला बाधा येईल, असे नौदलाने २०२२ मध्ये माहिती मागणाऱ्याला कळवले. जून २०२१ च्या सरकारी अहवालातल्या १४४ प्रकरणांपैकी एकाचाच उलगडा झाला होता : तो हवा जाणारा मोठा फुगा निघाला.

फ्रान्सने १९७७ मध्ये आपल्या अवकाश संस्थेतच यासाठी कक्ष काढला आणि २००७ पासून त्याची प्रकरणे खुली केली. ब्रिटनने २००८ ते २०१३ या काळात संरक्षण मंत्रालयाच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात टप्प्याटप्प्याने ठेवल्या.

भारतात

असा खुला संग्रह भारताने केलेला नाही. जे कळते ते एकेका प्रसंगातून. २०१२ मध्ये लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या परिसरात जवानांना पिवळसर गोळे पुन्हा पुन्हा दिसू लागले. लष्कराने फिरते रडार डोंगरावर चढवले. डोळ्यांना दिसणारा गोळा रडारवर उमटेना. अखेर भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते गुरू आणि शुक्र असल्याचे सांगितले. विरळ हवेत ग्रह केवढे झळाळतात हे मैदानातून गेलेल्या जवानाला कसे कळावे? त्याने कळवले हे त्याचे कर्तव्यच होते.

२६ जानेवारी २०१६ रोजी राजस्थानच्या सीमेजवळ रडारने टिपलेला फुगा सुखोई-३० ने पाडला; तो पाकिस्तानकडून आल्याचे तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सांगितले. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळाजवळ अज्ञात वस्तू दिसल्याने उड्डाणे सुमारे तीन तास थांबली. विमानतळावरून डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या माहितीवरून हवाई संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केली, ती लहान वस्तू नंतर दिसली नाही, एवढे हवाई दलाच्या पूर्व विभागाने त्याच दिवशी जाहीर केले. दोन वाक्यांचे ते निवेदन रडारविषयी काहीही न सांगता लोकांना खरे सांगते. असे निवेदन अवघड नाही.

कायद्याची चौकट अशी. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा. माहितीचा अधिकार २००५ चा, आणि विसंगती असेल तिथे कलम २२ नुसार तो वरचढ. गुप्तवार्ता संस्थांना या कायद्यातून जी सरसकट सूट आहे ती हवाई दलाला नाही. अर्ज करता येतो. मात्र कलम ८ (१) मधले पहिलेच पोटकलम देशाच्या सुरक्षेला बाधक माहिती वगळते, आणि वीस वर्षांनंतर इतर बहुतेक माहितीला मिळणारी मोकळीक या पोटकलमाला लागू नाही. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्ध व मोहिमांच्या नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या करण्याचे धोरण मंजूर केले. भंगारात गेलेल्या रडारच्या नोंदवह्या त्या धोरणात बसायला हरकत नसावी.

ग्वाल्हेरला हवामान खात्याचे उपरितन हवेचे केंद्र आहे. जागतिक वेळापत्रकानुसार पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी तिथून फुगा सोडतात. हिवाळ्यात खाली दिवेलागण झाली तरी वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर ऊन असते, आणि लष्कर भागातल्या एखाद्या गच्चीवरून तो फुगा संथ चमकत्या ठिपक्यासारखा दिसू शकतो. याच फुग्याखालचे यंत्र उंचीगणिक तापमान आणि आर्द्रता मोजते. व्युत्क्रम किती मीटरवर होता, रडारची लहर त्या रात्री वाकली असेल का, हे त्या आकड्यांवरून काढता येते. ते आकडे जगभरच्या हवामान संग्रहांत कोणालाही पाहायला मिळतात. त्याच रात्रीची लष्करी रडारची नोंद हवी असेल तर हवाई मुख्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याला तारीख, वेळ आणि दिशा लिहून अर्ज करावा लागतो. अर्जात रडारचा पल्ला विचारू नये. नोंद झाली होती का आणि ओळख पटली का, एवढेच विचारावे.