बॅटरी की स्पीड? स्वस्त नेटबुकच्या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

वीस हजारांच्या आत छोटा लॅपटॉप घ्यायला निघालं की प्रश्न ठरलेला असतो, जास्त वेळ चालणारा घेऊ की फास्ट चालणारा घेऊ. दोन्ही एकत्र मिळणार नाही हे आपण आधीच धरून चालतो. पण हे कुठून आलं ते मागे जाऊन बघितलं तर लक्षात येतं की यातला थोडाच भाग बॅटरीच्या विज्ञानाचा आहे, बराचसा कंपन्यांनी २००७ ते २०१२ च्या दरम्यान घेतलेल्या निर्णयांचा आहे, आणि त्याची किंमत कमी बजेटवाल्याने मोजली.

सुरुवात शाळेच्या मुलांपासून झाली. एमआयटी मीडिया लॅबचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी जानेवारी २००५ मध्ये दावोसला १०० डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली, गरीब देशातल्या प्रत्येक मुलाला एक. त्यातून एक्सओ नावाचं हिरवं-पांढरं मशीन आलं, एएमडीचा ४३३ मेगाहर्ट्झचा जिओड प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १ जीबी फ्लॅश. स्पीडच्या नावाने बोंबच होती. पण ते बनवताना पहिला विचार विजेचा केला होता, जिथे लाईटच नाही तिथे हे चालायला पाहिजे. मेरी लू जेप्सेन यांनी त्याचा असा स्क्रीन बनवला की मागचा दिवा बंद केला तरी उन्हात ब्लॅक अँड व्हाइट वाचता येतं, आणि स्क्रीनचा दिवा म्हणजे लॅपटॉपमधला मोठा वीजखाऊ, तोच बंद करता आला की निम्मं काम झालं. किंमत १०० डॉलरवर कधी आली नाही, २०० च्या आसपासच राहिली. भारत सरकारने २००६ मध्ये या योजनेला नकार दिला, पण २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत तिचा प्रयोग सुरू झाला, म्हणजे या सगळ्या गोष्टीचा एक धागा आपल्याच डोंगरात आहे.

एक्सओ बघून इंटेल जागं झालं. त्यांनी क्लासमेट पीसी काढला, त्याच धर्तीवर एचसीएलने जानेवारी २००८ मध्ये मायलीप एक्स आणला, १३,९९० रुपयांपासून. पण खरा धमाका तैवानच्या आसुसने केला. जून २००७ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्समध्ये त्यांनी ई पीसी दाखवला आणि ऑक्टोबरपासून ७०१ हे मॉडेल विकायला सुरुवात केली. ७ इंची स्क्रीन, ४ जीबी एसएसडी, ५१२ एमबी रॅम, लिनक्स. यातली एक गोष्ट मला आजही खटकते. आत प्रोसेसर होता इंटेल सेलेरॉन एम, ९०० मेगाहर्ट्झचा, पण आसुसने तो मुद्दाम ६३० वर चालवला, प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या मार्गाचा, म्हणजे बसचा, वेग १०० वरून ७० मेगाहर्ट्झवर आणून. मशीन तापू नये, बॅटरी साडेतीन तासांच्या आसपास टिकावी यासाठी. लोकांना हे कळल्यावर त्यांनी लगेच ते ९०० वर न्यायचे उपाय शोधून काढले, आणि मग बॅटरी किती लवकर उतरते ते त्यांना दिसलं. बॅटरी विरुद्ध स्पीड हे भांडण स्वस्त मशीनच्या गिऱ्हाइकाने पहिल्यांदा असं स्वतःच्या हाताने अनुभवलं.

मग २००८ मध्ये इंटेलचा ॲटम आला. नेटबुकचा, म्हणजे अशा छोट्या स्वस्त लॅपटॉपचा, सगळा इतिहास याच्याभोवती फिरतो, त्यामुळे इथे जरा थांबूया. एन२७० हा १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि त्याची कमाल खपत फक्त २.५ वॉट. कागदावर स्वप्नच होतं. पण वीज वाचवायला इंटेलने आतली रचनाच साधी केली होती, आलेल्या सूचना आल्या त्याच क्रमाने करायच्या. रेशनच्या दुकानात पुढच्या माणसाचं कार्ड सापडत नाही म्हणून मागच्या सगळ्यांनी उभं राहायचं, तसं, मेमरीतून एक गोष्ट यायला उशीर झाला की पुढचं सगळं अडकलं. मोठे प्रोसेसर अशा वेळी मागचं एखादं काम पुढे घेऊन टाकतात, ॲटम घेत नव्हता. म्हणून दुकानात १.६ गिगाहर्ट्झ वाचून खुश होणाऱ्या माणसाला घरी आल्यावर ते त्याच्या जुन्या सेलेरॉनपेक्षा फास्ट का वाटत नाही हे कळायचं नाही.

आणि बॅटरीचं काय? तर इथेच खरी गोम आहे. प्रोसेसर २.५ वॉटचा, पण त्याच्यासोबत जो चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला मेमरी आणि स्क्रीनशी जोडणारी चिप, दिला तो जुना, ९४५ जीएसई, आणि तो एकटाच प्रोसेसरच्या दुपटीहून जास्त वीज मागायचा. दोन्ही आणि बरोबरची तिसरी चिप धरून कमाल आकडा जवळपास १२ वॉटवर जायचा. म्हणजे गिऱ्हाइकाने स्पीड सोडली ती बॅटरीसाठी, आणि वाचलेली वीज शेजारच्या जुन्या चिपने खाल्ली. हे टाळता येण्यासारखं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, जुना चिपसेट स्वस्तात पडत होता म्हणून दिला गेला.

आता सेलचा हिशोब, कारण दुकानदार तेव्हा "थ्री सेल की सिक्स सेल" एवढंच विचारायचा. लॅपटॉपची बॅटरी म्हणजे आत गोल सेल असतात, १८ मिलीमीटर जाड आणि ६५ मिलीमीटर लांब. तीन सेल ओळीने जोडले की ११.१ व्होल्ट, २२०० एमएएच, दोन्ही गुणून हजाराने भागा, साधारण २४ वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते तो आकडा. नेटबुक चालताना ८-१० वॉट घेणार, म्हणजे अडीच-तीन तास. सहा सेल घेतले की ४८-४९ वॉट-अवर, पाच तासांच्या वर. एसरचा ॲस्पायर वन, एमएसआयचा विंड, दोघांच्याही सुरुवातीच्या स्वस्त मॉडेलमध्ये तीनच सेल होते. सिक्स सेल बॅटरी लावली की ती मागून बाहेर यायची नाहीतर खालून फुगायची, मशीन टेबलावर तिरकं बसायचं, वजन वाढायचं, पण दुपार निघायची.

याच आकड्यांत गिऱ्हाइकाची फसगतही व्हायची. फेब्रुवारी २००९ मध्ये आसुसने ई पीसी १०००एचई आणला, साडेनऊ तासांचा दावा, बॅटरी ८७०० एमएएच. आकडा नेहमीच्या सिक्स सेलच्या ४४०० च्या जवळपास दुप्पट, वाटणार दुप्पट बॅटरी. पण ती ७.४ व्होल्टची होती, गुणाकार केला तर ६४ वॉट-अवर, म्हणजे सुमारे ३० टक्केच जास्त. तरीही चांगलीच होती, खोटं काही नव्हतं, पण एमएएचचे आकडे वेगवेगळ्या व्होल्टेजच्या बॅटऱ्यांमध्ये तोलायचे नसतात हे कुठल्या जाहिरातीत कधी लिहिलं नाही. बॅटरी उलटी करून तिच्या स्टिकरवरचे व्होल्ट आणि एमएएच गुणायचे आणि हजाराने भागायचं, एवढंच काम आहे.

आपल्याकडे हे सगळं ज्या वर्षांत चाललं होतं तेव्हा महाराष्ट्रात लोडशेडिंग जोरात होतं हे विसरून चालणार नाही. फीडरप्रमाणे वेळापत्रक, शहरात काही तास, गावाकडे त्याहून कितीतरी जास्त. तालुक्याच्या ठिकाणी बसून प्रोजेक्ट टाईप करणाऱ्या पोरासाठी बॅटरी म्हणजे प्रवासातली सोय नव्हती, काम होणार की नाही याचा प्रश्न होता. परदेशातल्या रिव्ह्यूमध्ये विमानात सिनेमा किती तास चालला ते मोजायचे, आपल्याकडे दुपारची लाईट जाऊन परत येईपर्यंत टिकेल का ते बघायचे. म्हणून इथे स्लो पण सिक्स सेल घेणारा माणूस माझ्या मते बरोबरच होता.

स्पीड कमी राहण्याचं दुसरं कारण मायक्रोसॉफ्ट. नेटबुक आले तेव्हा त्यांचं ताजं विंडोज होतं व्हिस्टा, ते या मशीनवर धड चालेना, आणि लिनक्स हातपाय पसरायला लागलेलं. मग एप्रिल २००८ मध्ये त्यांनी ठरवलं की जुनं विंडोज एक्सपी होम या छोट्या मशीनसाठी चालू ठेवू, स्वस्तात देऊ, पण अटी घातल्या, स्क्रीन एवढीच, रॅम १ जीबीच, डिस्कवर मर्यादा. म्हणून तुम्ही कुठल्याही कंपनीचा नेटबुक बघा, सगळ्यांचे आकडे सारखेच, १० इंच, १ जीबी, १६० जीबी. नियमच तसा होता. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ स्टार्टर आलं, त्यात तर वॉलपेपरही बदलता यायचा नाही, एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालवायची अटसुद्धा आधी ठरली होती, ती लोकांनी ओरडा केल्यावर काढली. १ जीबी रॅममध्ये चार टॅब उघडल्या की विंडोज डिस्कवर धावायचं, दिवा लुकलुकत राहायचा, आणि त्यात वेळही जायचा आणि वीजही.

तोडगे निघाले नाहीत असं नाही. आसुसने सुपर हायब्रिड इंजिन दिलं, एफएन आणि स्पेसबार दाबला की मोड बदलायचा, एकात प्रोसेसर १.६ च्या थोडा वर, एकात बराच खाली. कंपनीने प्रश्न उचलून सरळ कीबोर्डवरच ठेवला होता. एनव्हिडियाने आयॉन आणला, ॲटम तोच पण शेजारी चांगला ग्राफिक्स चिप, म्हणजे यूट्यूबचा एचडी व्हिडिओ अडखळायचा थांबेल, एचपीच्या मिनी ३११ मध्ये तो होता. पण बॅटरी घटायची आणि किंमत वाढायची, शिवाय इंटेल ॲटम एकटा घेण्यापेक्षा स्वतःच्या चिपसेटसोबत स्वस्तात विकतं अशी एनव्हिडियाची तक्रार होती. जानेवारी २०१० मध्ये इंटेलचा ॲटम एन४५० आला, ग्राफिक्स आणि मेमरी कंट्रोलर आतच, जुन्या चिपसेटची पीडा एकदाची गेली. आसुसने त्यावर १००५पीई काढला, ६३ वॉट-अवर बॅटरी, दावा १४ तासांचा! स्पीड मात्र जिथल्या तिथेच.

या दाव्यांबद्दल २००९ मध्ये एएमडीने जाहीरपणे आवाज उठवला होता. बॅटरीचे तास मोजायची जी चाचणी तेव्हा चालायची ती स्क्रीन मंद ठेवून, वायफाय बंद करून, बहुतेक वेळ मशीन रिकामं ठेवून मिळालेला आकडा द्यायची. म्हणून डब्यावरच्या तासांतून तिसरा हिस्सा तरी वजा करायचा हा माझा स्वतःचा नियम आहे, आजही.

खरा मधला मार्ग एएमडीनेच दाखवला असं मला वाटतं. २०११ च्या सुरुवातीला त्यांचे सी-५० आणि ई-३५० आले, पहिला ९ वॉट, दुसरा १८ वॉट, दोन कोअर, आणि ग्राफिक्स इंटेलपेक्षा कितीतरी बरं. ई-३५० टाकलेला एचपीचा डीएम१झेड स्वस्त होता आणि दिवसाचं काम बऱ्यापैकी काढायचा. पण तोवर लोकांचा जीव नेटबुकवरून उडाला होता. जानेवारी २०१० मध्ये आयपॅड जाहीर झालेला, १० तासांचा दावा, आणि वापरताना कुठे अडकत नव्हता, कारण त्याचं सॉफ्टवेअर त्या प्रोसेसरसाठीच लिहिलेलं होतं. इंटेलने अल्ट्राबुककडे, म्हणजे महाग, सडपातळ लॅपटॉपकडे, मोर्चा वळवला, आणि २०१३ उजाडेपर्यंत ई पीसी आणि ॲस्पायर वन दोन्ही आटोपले.

गंमत अशी की २०१३ मध्येच इंटेलने ॲटमची ती रांगेची रचना बदलली, सिल्व्हरमाँट नावाने. तिथून स्वस्त प्रोसेसर खरे सुधारले. २०१४ चा एचपी स्ट्रीम ११ हा १९९ डॉलरचा लॅपटॉप त्याच कुळातला, पंखाच नाही, बॅटरी छान, पण २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डवरच बसवलेली स्वस्त फ्लॅश, विंडोजचा एक अपडेट आला की जागा संपली. इंटेलचा अलीकडचा एन१०० प्रोसेसर घ्या, जानेवारी २०२३ चा, ६ वॉट, चार कोअर, ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत. जुन्या ॲटमशी त्याची तुलनाच नको. जुलै २०२३ मध्ये आलेला जिओबुक ११ मोबाईलच्या मीडियाटेक चिपवर चालतो, ९९० ग्रॅम, ४ जीबी रॅम, १६,४९९ रुपयांना आला होता, ८ तासांचा दावा.

म्हणजे प्रोसेसरपुरतं ते जुनं भांडण बऱ्यापैकी मिटलंय. आता काटछाट दुसरीकडे होते, ४ जीबी रॅम बोर्डवर सोल्डर केलेली, ईएमएमसी, आणि बॅटरी ३८-४० वॉट-अवरची, जी २००९ च्या सिक्स सेल नेटबुकपेक्षाही लहान आहे. तेव्हा थ्री सेल घेणारा माणूस वर्षभराने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन सिक्स सेल आणायचा, दोन खटके सरकवले की जुनी बाहेर, नवी आत. बऱ्याच मशीनमध्ये खालचा एक स्क्रू काढून १ जीबीची रॅम २ जीबीही करायचा. आता बॅटरी स्क्रूंच्या आत, रॅम चिकटलेली, त्यामुळे घ्यायच्या दिवशीच स्पेसिफिकेशनमधला वॉट-अवरचा आकडा शोधा, दिसत नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि रॅम ८ जीबी मिळत असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल.