रेग्युलेटर कुणाच्या हातात?

माझ्या पहिल्या नोकरीत टेबलाच्या ड्रॉवरमध्ये बारा महिने एक शाल असायची. बाहेर पुण्याचा मे महिना, दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं, आणि आत चौथ्या मजल्यावर मी खांद्यावर शाल घेऊन काम करते आहे. माझ्या बरोबर डोक्यावर एसीचं तोंड होतं. वीस पावलांवर, पश्चिमेच्या काचेला लागून बसणारा माझा सहकारी मात्र तीननंतर घामाघूम व्हायचा. आम्हा दोघांसाठी थर्मोस्टॅट एकच, आणि तोही भिंतीवर, पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुलूपबंद डबीत. देखभाल पाहणाऱ्या दादांना मी एकदा विचारलं, तर ते बिचारे अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, “ताई, एकाचं ऐकून वाढवलं की दुसरे ओरडतात. म्हणून साहेबांनी कुलूपच लावायला सांगितलं.”

ती नोकरी सुटली, पण ते कुलूप डोक्यातून गेलं नाही. ऑफिसची रचना आणि तिथे काम करणाऱ्याचं शरीर-मन यांच्यावर गेल्या पन्नाससाठ वर्षांत झालेलं संशोधन मी जसजसं वाचत गेले, तसतशी मला ती डबी वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटत राहिली.

आधी गारठ्याचं बघू. खुर्चीत बसून काम करणारा माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी. ही उष्णता शरीरात साठू नये आणि गरजेपेक्षा जास्त निघूनही जाऊ नये, हा तोल साधला की आपल्याला ‘बरं’ वाटतं. डेन्मार्कचे अभियंते ओले फँगर यांनी या तोलाचं गणित बसवलं आणि १९७० साली मांडलं. हवेचं तापमान, आजूबाजूच्या भिंती-काचांचं तापमान, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि कामाची धावपळ हे सहा घटक त्यात येतात. जगभरातल्या वातानुकूलित इमारती आजही मुख्यतः याच गणितावर चालतात. यात एक गोष्ट फार प्रामाणिक आहे. सगळं अगदी अचूक जमवलं तरी किमान ५ टक्के माणसं नाराज राहणार, असं हे गणितच सांगतं. म्हणजे दोनशे जणांच्या हॉलमध्ये एकच आकडा लावायचा ठरवलं, तर तो आकडा कितीही हुशारीने काढा, दहाजण कुडकुडणार किंवा उकडून निघणार. प्रत्यक्षात तर ही संख्या बरीच मोठी असते.

त्यातच अडचण अशी की ‘सरासरी माणूस’ म्हणून जो धरला जातो, तो साधारण चाळिशीचा, ७० किलो वजनाचा पुरुष आहे. मास्ट्रिख्त विद्यापीठातल्या बोरिस किंगमा आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१५ साली दाखवलं की हे प्रमाण बायकांच्या शरीरात तयार होणारी उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरतं. मग २०१९ मध्ये बर्लिनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५४३ विद्यार्थी, आणि खोलीचं तापमान १६ ते ३३ अंशांच्या दरम्यान बदलत ठेवलेलं. खोली उबदार होत गेली तशी मुलींची गणितातली आणि शब्दांच्या चाचणीतली कामगिरी सुधारत गेली. मुलांची थोडी घसरली, पण मुलींच्या सुधारणेच्या मानाने कमी. शालीतल्या माझ्यासारख्या कितीजणींना ‘तुलाच फार थंडी वाजते’ असं ऐकून घ्यावं लागलं असेल!

आपल्या देशातलं काम मला सगळ्यांत जवळचं वाटतं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संयोगिता मनू, यश शुक्ला, राजन रावल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि शिमला या पाच शहरांतल्या १६ ऑफिस इमारतींत जाऊन लोकांना त्यांच्या टेबलापाशीच विचारलं : आत्ता, या क्षणी कसं वाटतंय? सहा हजारांहून अधिक उत्तरं जमली. खिडक्या उघडता येणाऱ्या, पंख्यावर चालणाऱ्या इमारतींत, बाहेरचं सरासरी तापमान महिनाभर ३१ अंशांच्या आसपास असताना लोकांना २८.५ अंशांपर्यंत ना गरम ना गार, अगदी ठीक वाटत होतं. परदेशी मानकांनी आपल्याकडून जेवढी अपेक्षा केली होती, त्याहून आपण अधिक जुळवून घेतो. हे सूत्र २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही आलं. तरी आपण काचेच्या पेट्या बांधतो, त्यात ऊन कोंडतो, दिवसभर पडदे ओढून दिवे लावतो आणि आतली हवा २२ अंशांवर नेतो. याचं मला खरोखर वाईट वाटतं. फोर्टातल्या जुन्या इमारतींची उंच छतं, खोल व्हरांडे आणि वर उघडणारी झडपं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण खिडकीवाल्या इमारतीत माणूस जास्त उकाडा आनंदाने का सोसतो? काही अंशी वाऱ्यामुळे : पंख्याचा वारा अंगाभोवतीचा उबदार थर उडवून लावतो आणि घाम सुकवतो, त्यामुळे दोनतीन अंशांचा फरक सहज पडतो. पण एवढंच नाही. कॅलिफोर्नियात बर्कले इथल्या एका ऑफिस इमारतीत गेल ब्रेगर, रिचर्ड डी डिअर आणि सहकाऱ्यांनी ज्यांना खिडकीवर ताबा होता आणि ज्यांना नव्हता, अशा माणसांची तुलना केली. तापमान तेच, कपडे तसेच, काम तेच. तरीही ज्यांच्या हाताशी खिडकी होती, त्यांना हवं असणारं तापमान वेगळं निघालं, आणि ते त्यांच्या आजूबाजूच्या खऱ्या तापमानाच्या जास्त जवळ होतं. हाताशी उपाय आहे हे माहीत असलं की शरीराची तक्रारच कमी होते.

हे जरा गूढ वाटतं, म्हणून आवाजावरचा एक जुना प्रयोग सांगते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मध्येच, कधीही सुरू होणारा कर्कश गोंगाट ऐकवत काम करायला लावलं. काहीजणांना एक बटण दिलं आणि सांगितलं, अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल; पण शक्यतो दाबू नका. जवळजवळ कुणीच दाबलं नाही. म्हणजे दोन्ही गटांच्या कानांवर आदळलेला गोंगाट सारखाच. तो संपल्यावर सगळ्यांना शांत खोलीत कोडी आणि मुद्रितशोधन दिलं. बटण नसलेल्यांनी कोडी लवकर सोडून दिली आणि मजकुरातल्या जास्त चुका त्यांच्या नजरेतून निसटल्या. बटण असलेल्यांचं काम कितीतरी चांगलं झालं. न दाबलेल्या बटणाने हे केलं होतं!

ऑफिसातला आवाज इतका कर्कश नसतो, असं कुणी म्हणेल. कॉर्नेल विद्यापीठाच्या गॅरी इव्हान्स यांनी २००० साली नेमकं तेच तपासलं. कारकुनी काम करणाऱ्या ४० स्त्रियांपैकी काहींना तीन तास मोकळ्या हॉलमध्ये असतो तसा मंद कलकलाट ऐकवला. ताण आल्याचं त्यांनी शांत गटापेक्षा जास्त सांगितलं नाही. लघवीच्या तपासणीत मात्र ॲड्रेनॅलिन, म्हणजे ताणात शरीर सोडतं ते संप्रेरक, वाढलेलं दिसलं. नंतर दिलेल्या न सुटणाऱ्या कोड्यांवर त्यांनी कमी प्रयत्न केले. आणि सगळ्यांत लक्षात राहण्यासारखी गोष्ट म्हणजे काम करताना त्यांनी आपली बसण्याची ढबही कमी वेळा बदलली. पाठ आणि मान धरते ती अशीच, एकाच अवस्थेत तास घालवून. संध्याकाळी मान का दुखते याचं उत्तर शोधताना आपल्याला शेजारचे फोन कधी आठवतात का?

फोनचा त्रास वेगळाच. माणसाची वाणी मेंदू सहसा वगळू शकत नाही. आकडे क्रमाने लक्षात ठेवायच्या चाचण्यांत असं दिसलं आहे की मागे चाललेलं बोलणं परक्या भाषेतलं असलं तरी चुका वाढतात. आणि फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकू येतं तेव्हा पुढचं वाक्य काय येणार याचा अंदाज बांधता येत नाही. मेंदू ती गाळलेली जागा भरत बसतो. लॉरेन एम्बरसन यांच्या २०१० च्या प्रयोगात दोन्ही बाजूंच्या संभाषणापेक्षा एकाच बाजूच्या बोलण्याने लक्ष जास्त ढळलं.

भिंती पाडल्या की लोक एकमेकांशी बोलतील, ही मोकळ्या हॉलमागची कल्पना. हेतू चांगलाच होता. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन बड्या कंपन्यांच्या मुख्यालयांत, केबिनसारख्या जागा काढून मोकळा हॉल करण्याच्या आधी आणि नंतर, कर्मचाऱ्यांच्या गळ्यात कोण कोणाशी समोरासमोर बोलतं हे टिपणारी यंत्रं घातली. २०१८ साली निष्कर्ष आले : प्रत्यक्ष बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं, ईमेल वाढले. माणसाला आडोसा लागतो. भिंतीचा मिळाला नाही तर तो हेडफोनचा करतो. डेन्मार्कमध्ये २,४०० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या पाहणीत, सहापेक्षा जास्त माणसं एकत्र बसतात अशा खोल्यांतल्यांनी स्वतंत्र खोलीतल्यांपेक्षा ६२ टक्के जास्त दिवस आजारपणाची रजा घेतल्याचं दिसलं. इथे सावध राहायला हवं. स्वतंत्र खोली सहसा वरच्या पदावरच्याला मिळते आणि आजारपणाचा पदाशीही संबंध असतो. तरी फरक एवढा मोठा आहे की तो सोडून देता येत नाही.

उजेडाबद्दल थोडक्यात. ऑफिसात टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स. डोळ्यांतल्या काही पेशी पाहण्यासाठी नसून शरीराचं घड्याळ लावण्यासाठी असतात आणि त्यांना दिवसा भरपूर प्रकाश हवा असतो. शिकागोतल्या एका लहान अभ्यासात (फक्त ४९ माणसं) खिडकीजवळच्या कर्मचाऱ्यांची रात्रीची झोप बिनखिडकीवाल्यांपेक्षा सरासरी ४६ मिनिटांनी जास्त भरली. माणसं थोडी आहेत, त्यामुळे नेमका आकडा मी धरून बसणार नाही; दिशा मात्र शरीरशास्त्राशी जुळते.

हवेचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यावर अर्धवट माहिती फार फिरते. बंद मीटिंग रूममध्ये दहाजण तासभर बसले की जांभया का येतात? आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास. ताजी हवा आली नाही तर खोलीतला आकडा दीड-दोन हजारांवर सहज चढतो. जोसेफ ॲलन यांच्या चमूने २४ जणांना सहा दिवस एका प्रयोगशाळेतल्या ऑफिसात बसवलं आणि त्यांना न सांगता हवा बदलली. सर्वांत ताज्या हवेच्या दिवशी निर्णयक्षमतेच्या चाचणीतले गुण कोंदट दिवसाच्या जवळपास दुप्पट आले. पण डेन्मार्कमध्ये स्वच्छ हवेत नुसता कार्बन डायऑक्साइड ३,००० पर्यंत वाढवून पाहिला, तेव्हा फारसा फरक दिसला नाही. तोच आकडा माणसांच्या श्वासा-घामातून निघणाऱ्या इतर वायूंसह गाठला तेव्हा डोकं दुखलं आणि काम मंदावलं. म्हणजे तो वायू एकटा गुन्हेगार असेलच असं नाही, पण हवा शिळी झाल्याची खूण म्हणून तो उत्तम आहे. मीटिंग लांबली की दार उघडायला त्यासाठी यंत्राचीही गरज नाही.

आता पुन्हा त्या डबीकडे. एक्सेटर विद्यापीठाचे क्रेग नाइट आणि अलेक्झांडर हॅसलम यांनी २०१० मध्ये चार प्रकारच्या खोल्या मांडल्या. पहिलीत टेबल, खुर्ची आणि कामाचं सामान, बाकी काही नाही. दुसरीत रोपं आणि चित्रं छान मांडून ठेवलेली. तिसरीत तीच रोपं, तीच चित्रं, पण कुठे ठेवायची ते बसणाऱ्याने ठरवायचं. कार्डं लावण्यासारखी साधी कामं दिली. सजवलेल्या खोलीतलं काम उघड्या-बोडक्या खोलीपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी सरस ठरलं, आणि स्वतः सजवलेल्या खोलीतलं ३२ टक्क्यांपर्यंत.

गेल्या काही वर्षांत ‘टेबल रिकामं ठेवा, रोज मिळेल तिथे बसा’ अशी परिपत्रकं बऱ्याच ठिकाणी निघतात. आमच्याकडेही निघालं होतं. बाटलीतला मनी प्लांट, लेकीने काढलेलं चित्र, गणपतीची बोटभर मूर्ती, सगळं एका शुक्रवारी पिशव्यांत भरून घरी गेलं. हे परिपत्रक काढणाऱ्यांना मला चौथ्या खोलीबद्दल सांगायचं असतं. तिथेही माणसाने आधी आपल्या मनासारखी मांडणी केली. मग प्रयोगकर्ता आत आला, आभार मानले आणि सगळं त्याच्या डोळ्यांदेखत हलवून वेगळं मांडलं. रोपं तेवढीच होती, चित्रंही तीच, आणि कामातला सगळा फायदा पुसला गेला होता.