निवासी रस्त्यांवरील वेगमर्यादा

निवासी रस्त्यांवरील वेगमर्यादा : वस्तीतल्या रस्त्यांवर वाहनांचा कमाल वेग शहराच्या सर्वसाधारण मर्यादेहून खाली, बहुधा ताशी ३० किमी. वर (ब्रिटनमध्ये २० मैल, म्हणजे सु. ३२ किमी.) आणण्याची पद्धत. एखाद्याच रस्त्यावरची मर्यादा निराळी आणि प्रवेशाच्या तोंडाशी फलक उभारून आतल्या सगळ्या गल्ल्यांना लागू केलेले ‘क्षेत्र’ निराळे. येथे मुख्यतः क्षेत्राचा विचार केला आहे.

उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात शोधतात. तेथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून काही गल्ल्यांत पदपथ आणि वाहनमार्ग एका पातळीवर आणले गेले आणि झाडे, बाके, वळणे यांनी गाड्यांची सरळ वाट मोडली गेली. अशा गल्लीला ‘वोनेर्फ’ (साधारणपणे ‘घरापुढचे अंगण’) हे नाव नगररचनाकार नीक द बूर यांनी दिले, असे मानतात. १९७६ मध्ये डच कायद्याने तिला मान्यता दिली. पण गाडीने माणसाच्या चालीने जावे एवढाच तेथला दंडक होता. त्याआधीच्या, कॉलिन ब्यूकॅनन यांच्या १९६३ च्या ब्रिटिश अहवालातही वस्त्यांना वाहतुकीपासून वाचवण्याचा विचार आहे, मात्र त्याचा रोख वेगापेक्षा वस्तीतून आरपार जाणाऱ्या गाड्यांवर आहे. आकडा आणि क्षेत्र ही जोडी स्पष्टपणे दिसते ती पश्चिम जर्मनीतील बुक्स्टेहूडे येथे, नोव्हेंबर १९८३ मध्ये. त्यामुळे वोनेर्फला पूर्वज आणि बुक्स्टेहूडेला आरंभ म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

तांत्रिक आधार गतिज ऊर्जेचा आहे. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ५० च्या वेगातील गाडीची ऊर्जा ३० च्या वेगातील त्याच गाडीच्या सु. २.८ पट भरते. थांबण्याच्या अंतराचा हिशेब त्याहून बोलका आहे. चालकाला ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद लागतो आणि रस्ता कोरडा आहे असे धरले, तर ताशी ३० किमी. वेगाची गाडी सु. १३ मी. अंतरात उभी राहते. ताशी ५० किमी. वेगाची गाडी त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मी. जाते; म्हणजे पहिली गाडी जेथे थांबली, तेथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. चेंडूमागे धावत रस्त्यावर आलेले मूल तेरा मीटरांच्या जरा पुढे असेल, तर पहिल्या गाडीपुढे ते वाचते. दुसरी त्याला पुऱ्या वेगाने धडकते.

धडकेनंतर पादचारी दगावण्याच्या शक्यतेचे आकडे मात्र जपून वापरावे लागतात. ताशी ५० किमी. वेगाला दहापैकी आठ-नऊ पादचारी मरतात, हे प्रचारपत्रकांतले विधान १९७० च्या दशकातील नमुन्यांवरून आले. त्या नमुन्यांत गंभीर अपघातांचा भरणा प्रमाणाबाहेर होता. जर्मन अपघातनोंदींवर आधारलेल्या २००९ च्या विश्लेषणात हा धोका ५० ला सु. ८ टक्के निघाला, पण तोही ३० च्या वेगातल्या धोक्याच्या पाचपटीहून अधिक. गुणोत्तर टिकते, टक्केवारी टिकत नाही. सरासरी वेगाच्या चौथ्या घाताप्रमाणे मृत्यू बदलतात, हे योरान निल्सॉन या स्वीडिश संशोधकाचे सूत्रही शहरी रस्त्यांवर थोडे सौम्य करून घ्यावे लागते, असे पुढील अभ्यासांवरून दिसते.

ऑस्ट्रियातील ग्रात्स शहराने १९९२ मध्ये मुख्य रस्ते वगळून सर्वत्र ३० ची मर्यादा लावली. स्पेन, ब्रुसेल्स आणि पॅरिस २०२१ मध्ये त्या वाटेने गेले. रस्तासुरक्षेवरील जागतिक मंत्रिपरिषदेच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानेही, जेथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तेथे ३० ची शिफारस केली.

परिणामांबाबतचा खरा वाद फलक पुरेसा आहे का, हा आहे. गतिरोधक आणि वळणे घातलेल्या सुरुवातीच्या ब्रिटिश क्षेत्रांत सरासरी वेग ताशी सु. ९ मैलांनी उतरला. लंडनमधील अशा क्षेत्रांत १९८६ ते २००६ या काळात जखमी व मृतांची संख्या सु. ४२ टक्क्यांनी घटल्याचे एका अभ्यासात आढळले. नुसत्या फलकांच्या योजनांत वेगातली घट ताशी एका मैलाच्या आसपासच राहिली. वेग आधीच कमी असलेल्या गल्ल्यांत फलकाला करण्यासारखे फारसे उरत नाही, हेही त्यामागचे एक कारण. रुंद, सरळ रस्ता चालकाला ‘वेगाने जा’ असे फलकाहून मोठ्या आवाजात सांगत असतो, हे अभियंत्यांचे म्हणणे येथे ग्राह्य धरावेसे वाटते. वेल्सने सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांची मूळ मर्यादाच ३० मैलांवरून २० मैल केली. विरोधातील अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या पडल्या आणि २०२४ मध्ये काही रस्ते पुन्हा ३० मैलांवर नेण्याची मुभा देणारी सुधारित मार्गदर्शक तत्त्वे आली.