पोथीची काजळी, कागदाची खळ

धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातलं वाल्मीकी रामायण जपून ठेवलेलं आहे. समर्थांचा काळ १६०८ ते १६८१. म्हणजे साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीची पानं, आणि अक्षर आजही वाचता येतं. तिथे शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी हात जोडले आणि नातवाला विचारलं, "शाई इतली काळी कशी ऱ्हायनी रे?" नातू गप्प राहिला. प्रश्न रसायनशास्त्राचा होता, आणि त्याचं उत्तर फार सुंदर आहे.

पोथीची शाई मुळात काजळीची. तेलाचा दिवा लावायचा, त्यावर भांडं उपडं धरायचं, जमलेली काजळी खरवडून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खूप वेळ घोटायची. काजळी म्हणजे जवळपास निव्वळ कार्बन. कापडाचे रंग उन्हात विटतात, कारण प्रकाशातली ऊर्जा त्या रंगांच्या रेणूंमधले बंध तोडते. काजळीतले कार्बनचे अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ऊन, हवा, सौम्य आम्ल यांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही. युरोपात शतकानुशतकं मायफळ आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, यांची शाई वापरली गेली. ती कागदात छान मुरते, पण तिच्यातलं आम्ल आणि लोह हळूहळू कागदालाच खातात आणि अक्षराच्या जागी भोक उरतं. आपल्या काजळीनं कागदाला असा त्रास दिला नाही. तिचा दुबळेपणा वेगळा आहे. ती तंतूंत मुरत नाही, डिंकाच्या आधारानं वर बसून राहते, आणि डिंक पाण्यात विरघळतो.

लाल रेघा आणि अध्यायाच्या शेवटच्या ओळी बहुधा हिंगुळाच्या, म्हणजे पाऱ्याच्या सल्फाइडच्या. लिहिताना चूक झाली की तिच्यावर हरताळ फासत आणि वर नवं अक्षर काढत. हरताळ हे आर्सेनिकचं सल्फाइड आहे. त्यामुळे पोथीतला पिवळा ठिपका दिसायला देखणा असला तरी विषारी आहे. अशी पानं उलटल्यावर हात धुवायलाच हवेत, आणि बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय तर इथे थेट घातक.

आता कागद. जुन्नरी, दौलताबादी असे हातकागद ताग, अंबाडी, जुन्या चिंध्या यांच्या लगद्यापासून होत. लगदा मऊ करायला चुना घालत. पान वाळलं की त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचं, म्हणजे बोरू अडखळत नाही आणि शाई फुटत नाही. कागदाचा जीव असतो सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत. आम्ल या साखळ्या मधूनच तोडतं, आणि साखळ्या आखूड झाल्या की कागद हाताळताच तुटू लागतो. हातकागदात मागे राहिलेला चुना हे आम्ल वर्षानुवर्षं मारत राहतो. एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा, तुरटी आणि राळ घातलेला कारखान्याचा कागद आला. त्या कागदात आम्ल जन्मापासूनच असतं. म्हणूनच खानदेशातल्या कित्येक घरांत पणजोबांची हस्तलिखित पोथी धडधाकट असते आणि आजोबांनी घेतलेल्या छापील पोथीचे कोपरे मात्र मोडतात.

खळ आणि डिंक हे किड्यांचंही खाणं. कसर कागदाचा पृष्ठभाग खरवडते, वाळवी आरपार जाते, आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या या पानातून त्या पानात बोगदे काढतात. बुरशीला हवेतली आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर गेली की पुरे. खानदेशची हवा इथे मदतही करते आणि छळतेही. मे महिन्यात धुळे-जळगावला पारा ४५ अंशांना टेकतो, हवा इतकी कोरडी होते की बुरशी धरत नाही. मग पाऊस येतो आणि हीच हवा दमट होते. दरवर्षीच्या या हेलकाव्यात तंतू फुगतात, आकसतात, पान वाकतं, शाईचा थर सुटतो.

पोथ्यांच्या अखेरीस नकलकार एक श्लोक लिहीत: 'तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्'. तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा. पहिल्या दोन गोष्टी उघड आहेत. मला मोठी वाटते ती तिसरी. दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून रुमालात घट्ट बांधलेल्या पोथीत हवा फार हळू शिरते. कागद स्वतःच पाणी धरून ठेवतो, त्यामुळे बाहेरची हवा दिवसात कितीही बदलली तरी आतल्या पानांना तो बदल उशिरा आणि सौम्य होऊन पोचतो. पानांमध्ये फट नसल्यानं किड्यालाही सहज वाट मिळत नाही. संग्रहालयं आज वातानुकूलनावर जे काम करतात, त्यातलं बरंचसं दोन हात कापड करत होतं.

पण जुनं ते सगळं बरोबर, असं मी म्हणणार नाही. पोथीवर वाहिलेलं गंध, कुंकू, अक्षता तिचं नुकसानच करतात. तांदळामागे किडे येतात, ओल्या गंधाचा डाग पुसत नाही, आणि जवळच्या निरांजनाचं तेल कागदात शिरलं की निघत नाही. पोथीची पूजा करायचीच तर ती बंद रुमालाची करावी.

या काजळीचा आणखी एक गुण आहे. मृत समुद्राजवळच्या कुमरान इथल्या गुहांतून १९४७ पासून हिब्रू धर्मग्रंथांच्या गुंडाळ्या मिळाल्या. त्या दोन हजार वर्षांच्या आसपासच्या, बहुतेक चामड्यावर आणि मुख्यतः काजळीच्याच शाईत लिहिलेल्या. कित्येक तुकडे काळवंडले होते, डोळ्यांना अक्षर दिसेना. अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशात छायाचित्रं घेतली तेव्हा ओळी उठून दिसल्या. कारण कार्बन अवरक्त किरणही शोषून काळाच राहतो आणि काळवंडलेलं चामडं मात्र ते परतवून उजळ दिसतं. याच गुंडाळ्यांचे तुकडे १९५० च्या दशकात अभ्यासकांनी चिकटपट्टीनं जोडले होते. तिचा गोंद आत झिरपला, कडा काळ्या पडल्या, आणि तो काढायचं काम पुढं कित्येक दशकं चाललं. आपल्याकडे फाटक्या पोथीला चिकटपट्टी लावतात किंवा कौतुकानं लॅमिनेशन करून आणतात. कृपा करून असं करू नका. लॅमिनेशनची उष्णता आणि प्लॅस्टिक यांतून ते पान पुन्हा सोडवणं जवळजवळ अशक्य असतं.

आणि एक विनंती. डागाळलेली, वाचता न येणारी पोथी 'जीर्ण झाली' म्हणून तापीत सोडण्याची पद्धत आहे. तुमच्या डोळ्यांना जिथे तपकिरी डागच दिसतो, तिथे अवरक्त कॅमेऱ्याला अख्खी ओवी दिसू शकते. नदीत मात्र डिंक विरघळतो, काजळी सुटते, आणि मग वाचायला काहीच उरत नाही. धुळ्यात राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ साली स्थापन झालेलं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे, वाग्देवता मंदिर आहे. पोथी सोडायला नदीवर निघाला असाल, तर आधी तिथे दाखवा.