वेडी बाभूळ आपल्या बांधावर आली कशी

आमच्या शिवारात यंदा नाल्याकाठची वेडी बाभूळ जेसीबीने मोडली आणि पहिला पाऊस पडला तसे प्रत्येक बुडख्यातून चार-चार नवे फोक वर आले. मग पारावर एकच विषय, ही पीडा आणली कुणी, सरसकट तोडून टाका. म्हणून मागची हकीकत लिहितो.

झाड मुळात मेक्सिको, मध्य अमेरिका, वेस्ट इंडीजकडचं. १८७७ च्या सुमारास मद्रास इलाख्यातले जंगल अधिकारी बेडोम यांनी बी मागवलं, ते जमैकातून आलं आणि कडप्याकडे (आताच्या आंध्र प्रदेशात) लावलं. कारण साधं होतं, सरपणाची टंचाई होती आणि कोरड्या जमिनीत झटपट वाढणारं लाकूड पाहिजे होतं. मारवाडात १९१३ साली बी पोचलं आणि १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तर याला शाही झाड जाहीर केलं, लावा आणि जपा म्हणून. पुढे १९६० च्या दशकात कच्छच्या बन्नी गवताळ रानात वनखात्याने पेरलं, खारं रण पुढे सरकू नये म्हणून. तिथे आता याला गांडो बावळ म्हणतात, म्हणजे वेडीच. आपल्याकडे खानदेशात, अहिराणीत येडी बाभूय.

गावठी बाभळीची शेंग माळेच्या मण्यांसारखी, हिची सरळ, पिवळी, चघळली तर गोड. ती गोडीच हिला गावोगाव घेऊन जाते. शेळ्या-मेंढ्या शेंगा आवडीने खातात, कडक कवचाचं बी पोटातून न पचता लेंडीत पडतं, वर खतही आयतंच. मी एकदा पावसाळ्यात गोठ्यामागे वाळलेली लेंडी फोडली तर आत बी फुगून कोंब काढून बसलेलं! ठेलारी मेंढपाळांची मेंढरं जिथून जातात तिथे ही उगवणारच, त्यात त्यांचा काय दोष.

आता खाऱ्या जमिनीचं. तापीकाठच्या काळ्या भारी जमिनीत निचरा नाही, त्यात विहिरीचं मचूळ पाणी वर्षानुवर्षं दिलं की सोडियम साठतो, माती फुगून गच्च होते, पाणी मुरत नाही, चैत्रात वर पांढरी पापडी धरते. हीच चोपण जमीन. तिथे कपाशी पिवळी पडून मरते पण वेडी बाभूळ हिरवीगार, कारण ती बराचसा सोडियम मुळाशीच अडवते, पानापर्यंत जाऊ देत नाही, आणि मुळं खूप खोल जातात. हिच्याच एका भाऊबंद झाडाची मुळं अमेरिकेत ॲरिझोनातल्या खाणीत ५३ मीटरवर सापडली होती. शिवाय मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. कर्नालच्या मृदा लवणता संस्थेने हिला अति चोपण जमिनीत लावून बघितलं, तर पानगळीने माती सुधारली, पीएच, म्हणजे मातीचा खारेपणा-विम्लपणा दाखवणारा आकडा, खाली आला.

म्हणून सरसकट तोडा म्हणणं मला पटत नाही. चांगल्या रानात, नाल्यात, गायरानात मात्र ती गवत उगवू देत नाही, काटा चपलेच्या तळातून आरपार जातो, तिथे काढलीच पाहिजे. फक्त वरून छाटून उपयोग नाही, जमिनीखालच्या बुडख्यावरच नवे फोक फुटणारे डोळे असतात, तो खोदून काढावा लागतो. आमच्या विहिरीजवळच्या चोपण पट्ट्यातली आठ-दहा झाडं मी ठेवलीत, नाल्याकाठची बुडख्यासकट काढणार, तेही शेंगा पिवळ्या पडायच्या आत.