पोहोइकी: लाव्हा थांबला, पण बंदर गेलं

हवाईच्या सर्वांत मोठ्या बेटावरचा पुना जिल्हा किलाउएआ ज्वालामुखीच्या पूर्वेकडच्या भेगांच्या पट्ट्यावर वसला आहे. शिखराखालचा शिलारस या पट्ट्यातून जमिनीखालून कित्येक किलोमीटर सरकतो आणि थेट वस्तीत वर येतो. 1955 मध्ये तसंच झालं. 1960 च्या जानेवारीत कापोहो गाव गाडलं गेलं. 1983 मध्ये सुरू झालेल्या, किलाउएआच्याच पूऊ ओओ या मुखाच्या उद्रेकाने 1990 मध्ये कालापाना गाव गिळलं. काइमूचा प्रसिद्ध काळ्या वाळूचा किनारा आणि तिथलं हॅरी के. ब्राउन पार्क, दोन्ही त्यातच गेली.

त्यानंतर या किनाऱ्यावर लोकांना समुद्राशी जाता येईल अशा जागा मोजक्याच उरल्या. त्यातली एक पोहोइकीचं आयझॅक हेल पार्क, कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या स्थानिक सैनिकाच्या नावाचं. सर्फिंग, पोहणं, झाडीतलं कोमट पाण्याचं कुंड हे सगळं होतंच, पण पुनाच्या मच्छीमारांसाठी ते त्याहून मोठं होतं. अख्ख्या जिल्ह्यात बोट पाण्यात उतरवायचा धक्का एवढाच होता.

3 मे 2018 ला पुनातल्या लेलानी इस्टेट्स या वसाहतीत रस्ता फाटून लाव्हा बाहेर आला. दुसऱ्या दिवशी 6.9 तीव्रतेचा भूकंप झाला. एकूण 24 भेगा उघडल्या. त्यातल्या आठव्या भेगेतून लाव्हाची नदी वाहू लागली, जूनच्या सुरुवातीला तिने कापोहोचा उपसागर भरून टाकला आणि मग ती किनाऱ्याने दक्षिणेकडे पसरत गेली. जुलैत आहालानुईचं गरम पाण्याचं तळं आणि शेजारची शाळा गेली. पुढचा नंबर पोहोइकीचाच होता. लाव्हा धक्क्यापासून शंभर मीटरच्याही आत आला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला भेगेचा जोर ओसरला. तोवर सुमारे सातशे घरं गेली होती.

पार्क वाचलं, पण त्याचं मुख्य काम वाचलं नाही, आणि हे पुरेसं सांगितलं जात नाही असं मला वाटतं. तापलेला लाव्हा समुद्रात पडला की तडकून त्याचे काचेसारखे बारीक कण होतात. प्रवाहाने ते कण पोहोइकीच्या खाडीत आणून टाकले. बघता बघता धक्क्यासमोर काळ्या वाळूचा नवा किनारा तयार झाला आणि धक्का आत कोंडला गेला. उतारावरून बोट सोडली तर ती जायची वाळूमागे साचलेल्या डबक्यात.

डिसेंबर 2018 मध्ये लाव्हावरून वाट काढून पार्क पुन्हा उघडलं. नवा किनारा बघायला पर्यटक येऊ लागले. पुनाच्या मच्छीमारांना मात्र पुढची कित्येक वर्षं बोट ट्रेलरला जोडून हिलो शहरापर्यंत न्यावी लागली. इंधन त्यांचं, वेळ त्यांचा, आणि समोरच्या ज्या पाण्यात त्यांच्या वाडवडिलांनी जाळी टाकली, तिथे पोहोचायला हा एवढा वळसा.